बँडच्या गर्दीत गिटार ऐकू कशी येईल?

वार्षिक दिनाचा सराव सुरू झाला की एक तक्रार हमखास कानावर येते. वसतिगृहात एकट्याने वाजवताना इलेक्ट्रिक गिटार भरदार वाटते. पण ड्रम, बेस गिटार, कीबोर्ड आणि गायक एकत्र आले की ती मंचावर आहे की नाही असा प्रश्न पडतो. समोर बसलेल्या पालकांना आपल्या मुलाची बोटे हलताना दिसतात, ऐकू मात्र येतो तो झांजांचा गजर. मग गिटारवाला आवाज वाढवतो. ते पाहून कीबोर्डवाला वाढवतो, ड्रमर आणखी जोराने वाजवतो आणि गायक घसा ताणू लागतो. थोड्याच वेळात सगळे जोरात वाजवत असतात आणि कोणीच नीट ऐकू येत नसते.

मित्रांनो, ही अडचण बहुतेक वेळा ताकदीची नसते, जागेची असते. जागेचा हिशेब समजला तर लहानशा अ‍ॅम्पवरही गिटार शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोहोचते.

प्रत्येक वाद्याची आपली जागा

ध्वनीची उंची हर्ट्झमध्ये मोजतात, म्हणजे एका सेकंदात किती कंपने होतात ते. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर सुमारे 82 हर्ट्झचा स्वर निघतो. सर्वांत बारीक तार बाविसाव्या फ्रेटवर दाबली तर तो सुमारे 1175 हर्ट्झपर्यंत जातो. त्याच्याही वर त्या स्वरांचे उपस्वर असतात. बेस गिटारची जाड तार 41 हर्ट्झपासून सुरू होते. किक ड्रमचा दणका साधारण याच खालच्या भागात असतो. झांजा आणि हाय-हॅट यांची किणकिण कित्येक हजार हर्ट्झवर असते. गायकाच्या शब्दांतली व्यंजने मुख्यतः 2000 ते 4000 हर्ट्झच्या आसपास स्पष्ट होतात. कीबोर्डला मर्यादाच नाही. दोन्ही हातांनी वाजवणारा वादक सगळ्यांच्या जागेवर एकाच वेळी बसू शकतो.

जवळजवळच्या उंचीचे दोन आवाज एकदम आले तर मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. यातही खालचे आवाज वरच्या आवाजांना जास्त झाकतात. म्हणून गिटारचा खालचा भाग वाढवला तर ती उठून दिसत नाही. उलट बेस गिटार आणि किक ड्रम यांच्या ढिगाऱ्यात गाडली जाते.

ढोल-ताशा पथक आठवा. वीस-पंचवीस ढोल घुमत असताना एखाददुसरा ताशाही स्वच्छ ऐकू येतो. ताशा ढोलांपेक्षा मोठा वाजतो असे नाही. त्याचा तडतडाट जिथे असतो तिथे ढोल पोहोचतच नाहीत. आपल्या मैदानावरचा बिगुलही याच कारणाने दूरवर जातो. त्याचे उपस्वर कानाला सर्वांत तीव्रतेने जाणवणाऱ्या भागात पडतात आणि त्याचे तोंड आवाजाला एका दिशेने फेकते.

ताकद वाढवून काय मिळते?

अ‍ॅम्पची ताकद 50 वॅटवरून 100 वॅट केली तर आवाज दुप्पट होतो, अशी अनेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात वाढ होते फक्त 3 डेसिबलची. कानाला ती जेमतेम जाणवते. आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात आणि त्यासाठी ताकद दहापट करावी लागते. त्यामुळे मोठ्या अ‍ॅम्पसाठी घरी हट्ट धरण्याआधी आहे त्याचेच नॉब नीट समजून घेणे शहाणपणाचे आहे.

खोलीतला आवाज मंचावर का फसतो?

एकटे वाजवताना बहुतेकजण बेस आणि ट्रेबल वाढवतात आणि मिडल कमी करतात. तसा आवाज खोलीत गोड लागतो. त्याचे कारण आपल्या कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये दाखवून दिले की हळू आवाजात कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात; आवाज वाढला की तेच स्वर झपाट्याने पुढे येतात. खोलीत हळू आवाजात बेस वाढवून जे संतुलन साधले, ते मंचावर मोठ्या आवाजात बिघडते. बेस फुगतो आणि ट्रेबल झांजांशी भांडत बसतो. गिटारची खरी ओळख ज्या मधल्या भागात आहे, तो तर आपणच काढून टाकलेला असतो.

मधल्या भागाचे महत्त्व कॅडेटना वायरलेस सेटवरून पटावे. जुन्या टेलिफोन यंत्रणेत साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवला जात असे, तरीही बोललेला शब्द कळत असे आणि बोलणारा ओळखू येत असे. संदेश मधेच असतो. गिटारचेही तसेच आहे.

नॉब कसे फिरवावेत?

सुरुवातीला बेस, मिडल आणि ट्रेबल हे तिन्ही नॉब मध्यावर ठेवा. मग पूर्ण बँड वाजत असताना बेस हळूहळू कमी करा. एकट्या गिटारचा आवाज किंचित पातळ वाटू लागला तरी घाबरू नका. ती जागा बेस गिटार भरून काढते. नंतर मिडल थोडा वाढवा. मिक्सरवर इक्वलायझर असेल तर गिटारच्या चॅनेलवर साधारण 100 हर्ट्झच्या खालचा भाग कापा आणि 200 ते 400 हर्ट्झमधला गढूळपणा थोडा कमी करा. गायक गात असताना 2000 ते 4000 हर्ट्झचा भाग मात्र त्याचा आहे. तिथे घुसू नका.

दुसरा नॉब गेनचा. गेन जितका जास्त, तितका आवाज खरखरीत आणि दाबलेला. पिकचा तारेवर बसणारा पहिला ठोका त्यात विरघळतो आणि वाद्य ओळखायला कानाला नेमका तोच ठोका लागतो. म्हणून एकट्याने वाजवताना जेवढा गेन आवडतो, त्याहून बँडमध्ये कमी ठेवा. रिव्हर्ब आणि डिले यांचेही तसेच. सभागृहाच्या भिंती स्वतःच आवाज घुमवतात. त्यात पेडलची भर पडली तर गिटार मागे सरकते.

एकल वादनासाठी बूस्ट पेडल वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अ‍ॅम्प आधीच खरखरीत वाजत असेल आणि बूस्ट त्याच्या आधी लावला, तर खरखर वाढते, आवाज फारसा वाढत नाही. आवाज वाढवायचा असेल तर बूस्ट खरखरीच्या नंतर यायला हवा. अ‍ॅम्पला इफेक्ट्स लूप असेल तर तो तिथे लावावा. ती सोय नसेल तर आणखी सोपा मार्ग आहे. एरवी गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा कमी ठेवा आणि एकल वादनाला तो पूर्ण उघडा. आवाज फार खरखरीत नसेल तर एवढ्याने काम भागते.

अ‍ॅम्प कुठे ठेवावा?

स्पीकरमधून खालचे स्वर सगळीकडे पसरतात, वरचे स्वर मात्र टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. अ‍ॅम्प जमिनीवर असेल तर तो झोत वादकाच्या गुडघ्यांवर पडतो. वादकाला आवाज बोथट वाटतो, तो ट्रेबल वाढवतो आणि समोर बसलेल्यांचे कान फाटतात. उपाय बिनखर्चाचा आहे: अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा थोडा मागे कलता ठेवा. तुम्हाला स्वतःचा खरा आवाज ऐकू आला की तो वाढवायचा मोह आपोआप कमी होतो.

काय वाजवायचे आणि काय सोडायचे?

नॉबपेक्षा मोठा फरक वाजवण्यानेच पडतो. बेस गिटार आणि कीबोर्ड असताना सहाही तारांवर भरगच्च कॉर्ड छेडण्याची गरज नसते. वरच्या तीन-चार तारांवरचा लहान कॉर्ड पुरतो. कीबोर्डवादकाने डावा हात आवरला तर निम्मा गोंधळ तिथेच संपतो. दोन गिटार असतील तर दोघांनी एकाच जागी तेच कॉर्ड वाजवू नयेत. गाणे सी पट्टीत असेल तर एकाने सीचा मोकळा कॉर्ड वाजवावा. दुसऱ्याने पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून जीचा आकार धरावा. कॉर्ड तोच, जागा वेगळी.

1930 च्या दशकातल्या अमेरिकी जॅझ बँडमध्ये गिटार बहुधा तालापुरती असे. तुताऱ्या आणि सॅक्सोफोन यांच्यापुढे तिचे एकल वादन टिकत नसे. 1939 मध्ये चार्ली ख्रिश्चन हा तरुण गिटारवादक बेनी गुडमन यांच्या बँडमध्ये आला. त्याची इलेक्ट्रिक गिटार आणि अ‍ॅम्प आजच्या मानाने साधेच होते. पण तो सॅक्सोफोन वाजवावा तशा एकेका स्वराच्या ओळी वाजवत असे. यंत्राने आवाज दिला आणि वाजवण्याच्या पद्धतीने जागा दिली.

शांततेचाही उपयोग करायला शिका. उस्ताद ‘दाहिने’ म्हणून क्षणभर थांबतात आणि मग ‘मुड’ म्हणतात. तो थांबा नसेल तर आख्खी प्लाटून चुकेल. गायकाची ओळ सुरू असताना गिटारने हात आखडता घ्यावा आणि ओळ संपल्यावरच्या मोकळ्या जागेत दोन-चार स्वर टाकावेत. ते स्वर कोणालाही चुकत नाहीत.

कानांची काळजी

हा विषय फक्त संगीताचा नाही. 85 डेसिबलच्या आवाजात रोज आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, असा अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेचा सर्वमान्य निकष आहे. पुढे प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला ती अवघी पंधरा मिनिटे उरते. बंद खोलीत ड्रम आणि अ‍ॅम्प यांची चढाओढ लागली की हा आकडा सहज गाठला जातो. सरावानंतर कानात शिट्टी वाजत असेल तर तो इशारा समजावा. एनडीएच्या वैद्यकीय तपासणीत प्रत्येक कानाने 610 सेंटिमीटरवरून कुजबुजीएवढा आवाज ऐकू यावा लागतो. अतिआवाजाने गेलेली श्रवणशक्ती औषधाने परत येत नाही. पालकांनीही सरावाची खोली, तिथला आवाज आणि इयरप्लग यांची चौकशी जरूर करावी.

सरावाचा क्रम

1. आधी ड्रम आणि बेस गिटार यांचे संतुलन साधा. ड्रमचा आवाज हीच पातळी धरा.
2. मग गायकाला त्यावर बसवा. शब्द न् शब्द कळला पाहिजे.
3. त्यानंतर कीबोर्ड आणि शेवटी गिटार आणा.
4. एका मित्राला सभागृहाच्या मागच्या रांगेत बसवा. मंचावरच्या माणसाला श्रोत्याचा आवाज ऐकू येत नाही.
5. गिटार ऐकू येत नसेल तर आधी विचारा: तिच्या जागेवर कोण बसले आहे? त्याचा आवाज कमी करून पाहा आणि मगच गिटारच्या व्हॉल्यूमला हात लावा.

पाचवी पायरी सर्वांत अवघड, कारण तिथे आपला नॉब सोडून दुसऱ्याशी बोलावे लागते. कीबोर्डवाल्याला डावा हात आवरायला सांगायचे आणि त्याने सांगितले तर आपण गेन कमी करायचा. संचलनात रांग सरळ राहते ती प्रत्येकाने उजवीकडच्याकडे पाहिल्यामुळे. बँडमध्ये डोळ्यांच्या जागी कान येतात, एवढाच फरक.