घण उचलण्याआधी

पाना लावून नट हलला नाही की पान्याला पाइप जोडायचा, पाइपानेही भागलं नाही की घण, आणि घणाने दमवलं की गॅस. जुन्या जीपचं गंजून जाम झालेलं स्टिअरिंग सोडवताना बऱ्याच गॅरेजांत हाच क्रम चालतो. खरं तर पान्याला हात लावण्याआधीच एक हिशेब व्हायला हवा: यातलं काय वाचवायचं आणि काय मोडलं तरी चालेल? टाय रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट झिजण्यासाठीच असतो, तो बदलता येतो. तो ज्या आर्ममध्ये बसतो तो आर्म, किंवा चाक धरून ठेवणारा नकल, वाकला वा तडकला तर जुन्या गाडीला त्याच मापाचा दुसरा मिळवताना नाकी नऊ येतात. हा हिशेब झाला की जोर कुठे लावायचा आणि कुठे हात आवरायचा, हे बरंचसं आपोआप ठरतं.

विलीजच्या जीपची जुळणी महिंद्राने मुंबईत 1940 च्या दशकात सुरू केली, आणि त्या घराण्यातल्या गाड्या अजून गावोगाव दिसतात. त्यांतल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत स्टिअरिंग बॉक्सकडून येणारी ड्रॅग लिंक पुढच्या ॲक्सलवरच्या बेल क्रँकला ढकलते आणि बेल क्रँक दोन्ही चाकांच्या टाय रॉडना फिरवतो. हा बेल क्रँक एका पिनेवर फिरतो आणि त्याचं सगळं आयुष्य ग्रीसवर चालतं. ग्रीसचा निप्पल चिखलाने बुजला, दोन-चार पावसाळे ग्रीस गन लागली नाही, की पाणी आत शिरतं. कोकणात किनाऱ्यालगत तर हवेतलं मीठ ओल धरून ठेवतं आणि गंजण्याचा वेग वाढवतं. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही, ही पहिली खूण. ‘गाडी जुनी झाली, जड लागणारच’ म्हणून ती सहसा सोडून दिली जाते.

गंज ज्या लोखंडापासून तयार होतो, त्याच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. पिन आणि तिच्याभोवतीचा बुश यांच्यातल्या केसाएवढ्या फटीत तो तयार झाला की पाचरीसारखा दोन्हीकडे दाबतो. अशा सांध्यावर एकाच दिशेने जोर वाढवत नेला तर पाचर जागेवर राहते आणि पिन तुटते. म्हणून आधी तारेच्या ब्रशने साफ करायचं, गंज सोडवणारं पातळ तेल सोडायचं, अधूनमधून हलके ठोके द्यायचे आणि रात्रभर थांबायचं. केशाकर्षणाने तेल आत शिरायला वेळ लागतो आणि ठोक्यांनी त्याला वाट मिळते. (डब्ल्यूडी-40 हे 1953 साली सॅन दिएगोत तयार झालं ते पाणी हटवून गंज रोखण्यासाठी, बसलेला गंज फोडण्यासाठी खास बनवलेलं तेल त्याहून उजवं ठरतं.) मग नट आधी किंचित आवळून, मग सोडवून, पुन्हा आवळून, असा पुढे-मागे हलवायचा. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, हेही ध्यानात ठेवायचं. नाहीतर आपण घट्टच करत बसतो.

बॉल जॉइंटची निमुळती पिन मात्र निव्वळ तेलाला दाद देत नाही. तिथे नट दोन-तीन आटे सैल करून तसाच ठेवायचा, म्हणजे आटे वाचतात आणि सांधा सुटला तरी खाली पडत नाही. पुलरने ताण द्यायचा, पिन ज्या भोकात बसते त्या आर्मच्या डोळ्यामागे जड हातोडा टेकवायचा आणि समोरून डोळ्याच्या बाजूवर नेमका ठोका मारायचा. डोळा क्षणभर दबतो आणि पिन खाडकन सुटते. पिनेच्या टोकावर वरून घण घातला तर ते फुलतं आणि सुटण्याचा रस्ताच बंद होतो.

‘एवढ्यात गॅसने दहा मिनिटांत काम झालं असतं,’ हा आक्षेप खोटा नाही. पण पोलाद तापून फुगतं ते किती? 20 मिलिमीटरचं भोक 300 अंशांनी तापवलं तर जेमतेम 0.07 मिलिमीटर वाढतं. तेवढ्यानेही गंजाची पकड सुटू शकते, पण आर्म लालबुंद झाला की त्याला कारखान्यात दिलेलं पाणी उतरतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. बंद बॉल जॉइंटमधलं ग्रीस तापून उसळतं ते वेगळंच. चासीवरचा साधा ब्रॅकेट असेल तर गॅस जरूर वापरावा. ज्याच्या भरवशावर चाक वळतं, तिथे टाळावा. टाकायचाच असलेला नट कटरने उभा चिरणं त्यापेक्षा स्वस्त पडतं. मजुरीचं म्हणाल तर रात्रभर तेल मुरतं तेव्हा मिस्त्री दुसरी गाडी खोलू शकतो.

आणखी एक मोह असतो: सुटलं ना, मग तेच परत बसवू. बेल क्रँकच्या पिनेवर बोटाला खड्डे लागत असतील तर तिथून नव्या बुशाची झीज पहिल्या दिवसापासून सुरू होते, म्हणून पिन-बुश जोडीनेच बदलावे. टाय रॉड खोलताना बाहेर दिसणारे आटे मोजून खडूने लिहून ठेवले तर गाडी अलाइनमेंटपर्यंत सरळ जाते. नटातली स्प्लिट पिन मात्र दरवेळी नवीच घालायची, जुनी सरळ करून नाही.