काजळ पुसायचं की ठेवायचं?

काळे कपडे, डोळ्यांत काजळ, नखांना काळं नेलपेंट... आणि हे सगळं एका मुलाने केलेलं! 'गॉथ' लूकचा हा फंडा लंडनच्या क्लबांमधून आला खरा, पण त्याचे लांबचे नातेवाईक आपल्या बाजारात आणि रंगभूमीवर आधीपासूनच हजर होते. मग अडतं कुठे?

रात्री पुण्याहून सुटलेली बस पहाटे जालन्याला थांबते. बाकीचे पॅसेंजर चहाच्या टपरीकडे पळतात. माझा मावसभाऊ मात्र सॅकमधून एक छोटी बाटली आणि कापूस काढतो आणि दिव्याखाली उभं राहून एकेक नख पुसायला घेतो. देऊळगाव राजा येईपर्यंत दहाही बोटं साफ. मग ओल्या रुमालाने डोळे. "ताई, चिखली आली की मी परत बुलढाण्याचा होतो," असं तो हसत हसत सांगतो. पण हे ऐकताना मला काही हसू येत नाही.

सोमवार ते शुक्रवार तो हिंजवडीतल्या एका कंपनीत टेस्टर आहे. फॉर्मल शर्ट, गळ्यात आयकार्ड, तुमच्या-आमच्यासारखाच. शनिवारी मात्र पायघोळ काळा कुर्ता, जाड सोलचे बूट, चांदीच्या अंगठ्या, काजळ आणि काळी नखं. हा लूक पाहिल्यावर लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तू 'तसा' आहेस का?" त्याचं उत्तरही ठरलेलं, "कसा?" कपडे कोणते घालायचे आणि प्रेम कोणावर करायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं त्याचं म्हणणं. आणि असलो 'तसा', तरी तुमच्या पोटात का दुखावं?

आधी गॉथ म्हणजे काय?

सत्तरच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये पंकचा धुमाकूळ चालू होता. त्यातूनच हे काळं पिल्लू जन्माला आलं. १९७६ मध्ये सूझी सू या गायिकेचा 'सूझी अँड द बॅनशीज' हा बँड सुरू झाला. १९७९ मध्ये 'बाउहाउस' या बँडने ड्रॅक्युलाची भूमिका गाजवणाऱ्या बेला लुगोसीच्या नावाने एक गाणं काढलं आणि गॉथची नांदी झाली. जुलै १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात 'बॅटकेव्ह' नावाचा क्लब उघडला. तिथे जमणाऱ्या पोरांच्या अंगावर काळी लेस, जाळीदार कपडे, डोळ्यांभोवती काळं वर्तुळ आणि ओठांना लिपस्टिक! 'द क्युअर'चा रॉबर्ट स्मिथ आठवा. पक्ष्याच्या घरट्यासारखे केस आणि ओठांबाहेर पसरलेली लिपस्टिक हीच त्याची ओळख.

यालाच फॅशनवाले 'अँड्रोजिनी' म्हणतात. म्हणजे समोरचा मुलगा आहे की मुलगी, हे पेहरावावरून चटकन ठरवता येऊ नये अशी स्टाईल. डेव्हिड बोवीने १९७२ मध्येच ही वाट मोकळी केली होती. गॉथवाल्यांनी त्यात व्हिक्टोरियन काळातला दुखवटा मिसळला. १८६१ मध्ये नवरा गेल्यावर राणी व्हिक्टोरियाने काळे कपडे घातले ते १९०१ मध्ये स्वतः जाईपर्यंत! दुःखाची ही वर्दीच या मंडळींनी शनिवार रात्रीचा ड्रेस करून टाकली.

आपल्याकडे हे सगळं तुकड्यातुकड्यांनी आलं. आधी एमटीव्ही, मग मेटल बँडचे कवट्यावाले काळे टी-शर्ट, मग कपाळावरून डोळ्यावर येणारी 'इमो' बट. पुण्याचा एफसी रोड आणि मुंबईचं कुलाबा कॉजवे ही त्याची तीर्थक्षेत्रं. नव्या पिढीला तो २०२२ च्या 'वेन्सडे' या सिरीजमधून भेटला.

काजळ तर आपलंच!

आता घरातला जुना अल्बम काढा. तुमचा सहा महिन्यांचा असतानाचा फोटो शोधा. डोळ्यांत भरपूर काजळ आणि गालावर काळी तीट आहे ना? मुलगा असो वा मुलगी, मराठी माणसाचा पहिला मेकअप काळाच असतो. आणि तो करते कोण, तर आई किंवा आजी. संक्रांतीला तर अख्खं घर काळ्यात. नव्या सुनेला काळी चंद्रकळा, तान्ह्या बाळाला काळं झबलं आणि त्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने. ब्लॅक अँड व्हाइटचा असा ड्रामा गॉथवाल्यांनाही जमायचा नाही!

बुलढाण्यात लहानपणी बाजाराच्या दिवशी पोतराज दिसायचा. कमरेला रंगीबेरंगी चिंध्यांचा घागऱ्यासारखा घेर, कपाळभर हळदीकुंकू, पाठीवर मोकळे सोडलेले लांब केस, पायात घुंगरू आणि हातात आसूड. सोबतच्या बाईच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा. आम्ही आईच्या पदरामागे लपायचो. पुढे बॅटकेव्हचे फोटो पाहिले तेव्हा मला वाटलं, अरेच्चा, हे तर सौम्यच आहेत!

म्हणजे बापईगड्याने काजळ लावणं, केस वाढवणं, घागरा घालणं यातलं आपल्याला नवं काहीच नाही. फक्त त्यासाठी परवानगी लागते. नीट पाहिलं तर अशा तीन परवानग्या सापडतात.

परवानगी नंबर एक : रंगमंच

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (१८८८-१९६७). भामिनी, रुक्मिणी, सिंधू या त्यांच्या भूमिका पाहायला लोक तुटून पडायचे. घरंदाज बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायच्या, त्यांच्यासारखा गजरा माळायच्या. विचार करा, महाराष्ट्राची त्या काळातली सगळ्यात मोठी 'फॅशन आयकॉन' एक पुरुष होता! सिनेमातही तेच. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मधली तारामती होते अण्णा साळुंके. ते त्याआधी एका खानावळीत काम करत. पुढे 'लंका दहन' (१९१७) मध्ये या साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या!

परवानगी नंबर दोन : देव

विष्णूने मोहिनीचं रूप घेतलं ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. नेवाशाला तर मोहिनीराजाचं देऊळच आहे. पोतराजाचा वेशही देवीच्याच नावाने. पण इथे रोमँटिक व्हायचं कारण नाही. घरातल्या नवसापायी एखाद्या पोराचे केस वाढवले जायचे. त्याला कोणी विचारत नसे. हे ओझं बहुतेक वेळा दलित कुटुंबांवरच यायचं, म्हणूनच आंबेडकरी चळवळीने पोतराजाचे केस कापायला लावले. मावसभावाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्याला नको असताना घालावं लागलं, मला हवं असताना काढावं लागतं."

परवानगी नंबर तीन : हशा

तमाशातला नाच्या, टीव्हीवर साडी नेसून येणारे विनोदवीर. हसायचं असेल तर सगळं माफ! पण हसून झाल्यावर काय? गणपत पाटलांनी पडद्यावर नाच्या अजरामर केला आणि त्याची किंमत आयुष्यभर मोजली. घरी बायको-मुलं असलेल्या या माणसाकडे लोक त्याच संशयाने बघत राहिले. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा 'नटरंग' (२०१०) आठवतो? पिळदार शरीराचा गुणा नाच्या होतो आणि गाव त्याला माणूस म्हणून मोजायचंच थांबवतं.

नाटक, देव आणि हशा. चौथी परवानगी आपल्याकडे नाहीच. 'मला आवडतं म्हणून' ही ती चौथी. गॉथने आपल्याला काजळ दिलं नाही, ते होतंच. गॉथने दिली ती ही चौथी मागणी. भूमिका नाही, नवस नाही, विनोद नाही. शनिवार आहे, मूड आहे, बस्स.

पोरींचं काय?

आता जरा टाळ्या थांबवा. डुन्या ब्रिल या संशोधक बाईंचं २००८ मध्ये गॉथ संस्कृतीवर एक पुस्तक आलं. त्यांचं निरीक्षण मोठं मजेशीर आहे. गॉथमध्ये मुलगा स्कर्ट घालून आला की त्याचा भाव वाढतो. मुलगी मात्र कॉर्सेट आणि लेसमध्ये नटून, अगदी 'बायकी' दिसूनच मिरवते. पुरुषी कपड्यातल्या मुलीला तेवढा भाव नाही. म्हणजे सीमा ओलांडायचा मान पुन्हा पुरुषांनाच!

हेही आपल्या ओळखीचंच नाही का? बालगंधर्व रंगमंचावर स्त्री होऊन राज्य करत होते, तेव्हा त्याच रंगमंचावर घरंदाज बाईला जागा नव्हती. १९१३ मध्ये 'मोहिनी भस्मासुर' या सिनेमात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना लोकांचं बरंच काही ऐकून घ्यावं लागलं. बारावीनंतर मी बॉयकट केला, तर घरात आठवडाभर कोणी नीट बोललं नव्हतं. पहिलं वाक्य आलं ते मावशीचं, "आता हिले कोण पाहाले येईन?"

गंमत नाही ही

कपड्यांवरून एवढी चर्चा कशाला, असं वाटत असेल तर हे वाचा. ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडच्या लँकशायर भागात सोफी लँकेस्टर आणि तिचा बॉयफ्रेंड रात्री घरी निघाले होते. दोघंही गॉथ. एका बागेत पोरांच्या टोळक्याने दोघांना लाथांनी तुडवलं. कारण एकच, ते 'वेगळे' दिसत होते. तो वाचला. वीस वर्षांची सोफी गेली. त्यानंतर तिच्या आईने मोहीम उभी केली आणि २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अशा हल्ल्यांची नोंद द्वेषातून झालेले गुन्हे म्हणून करायला सुरुवात केली. गॉथ जिथे जन्मला, तिथली ही कथा.

आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ मध्ये एक कायदा आणला होता. तो जिथे लागू होता तिथे, त्याखाली नोंदवलेली तृतीयपंथी व्यक्ती बायकी वेशात रस्त्यावर दिसली तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद! तिथून आपण बरेच पुढे आलो. १५ एप्रिल २०१४ च्या 'नाल्सा' निकालात सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथीयांचे हक्क मान्य केले. आपली लिंगओळख कपड्यांतून, वागण्या-बोलण्यातून व्यक्त करणं हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे, असं कोर्टाने त्यात म्हटलं.

पण ऑफिसचा ड्रेस कोड कोर्टात जात नाही. तो मेलवर येतो. मावसभावाला एका सोमवारी मेल आला, 'क्लायंट व्हिजिट आहे, कृपया नखं नीट करून या.' रविवारचं नेलपेंट पुसायचं राहून गेलं होतं. शेजारच्या डेस्कवरच्या मुलीच्या नखांना त्या दिवशी तोच रंग होता. तिला मेल आला नाही. रंग तोच, बाटलीही कदाचित तीच. फरक फक्त बोटांचा!

करून बघायचंय? (छोटीशी चौकट)

● सुरुवात काजळाने करा. वरच्या पापणीला बारीक रेघ, मग बोटाने हलकेच पसरवा.
● चेहरा पांढराफटक करायची गरज नाही. सावळ्या रंगावर काळं आणि गडद लाल जास्त खुलतं.
● मखमल इंग्लंडच्या थंडीसाठी ठीक. खामगाव-मलकापूरच्या मे महिन्यात मलमलच बरी!
● सारखं सारखं रिमूव्हर वापरलं की नखं कोरडी पडतात. रात्री खोबरेल लावा.
● कोणी हसलं तर? त्यांच्या लहानपणचा काजळवाला फोटो मागा.

आणि शेवटी...

यंदाच्या संक्रांतीला जालन्याला बस थांबली, तेव्हा मावसभावाच्या सॅकमध्ये बाटली सांडून रिकामी झाली होती. पहाटे दुकानं बंद. तो तशाच नखांनी घरी पोचला. गल्लीतल्या मित्राने आधी विचारून घेतलंच, "काय लावलं बे हे बोटाले?"

दारात मावशी चंद्रकळा नेसून, हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी. तिने त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. तिची नजर नखांवर गेली. एक मिनिट कोणीच काही बोललं नाही. मग ती म्हणाली, "आज काळं चालते बाप्पा. उद्या पुसून टाकजो."

एका दिवसाची का होईना, परवानगी! त्याने दुसऱ्या दिवशी नखं पुसली नाहीत. मावशीनेही विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये बसवताना तिने फक्त त्याचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला आणि म्हणाली, "एका बोटाचा रंग निघून राह्यला. नीट लावत जा."

जालन्याला बस थांबली, तेव्हा तो चहा प्यायला उतरला.