व्हीनसच्या नगरीत दख्खनची सुंदरी

नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा नर्मदेने आखली आहे. सातपुड्याच्या कड्यांमधून वाट काढत ती गुजरातेत उतरते आणि भडोचपाशी समुद्राला मिळते. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक खलाशी या बंदराला बारिगाझा म्हणत. त्या काळच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत तिथून परदेशी जाणाऱ्या मालाची यादी आहे आणि त्या यादीत हस्तिदंत आहे.

आता इटलीत चला. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पॉम्पेई शहर राखेखाली गेले. 1938 मध्ये तिथल्या एका घराच्या उत्खननात सुमारे 24 सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, दागिने मात्र भरगच्च: कमरेला मेखला, हातभर कंकणे, पायांत एकावर एक चढवलेली वाळी. दोन्ही बाजूंना दोन लहानग्या सेविका. ही मूर्ती भारतीय आहे हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

आणि पॉम्पेई कोणाचे? व्हीनसचे! इ. स. पू. 80 मध्ये रोमन वसाहत झाल्यावर शहराच्या अधिकृत नावातच या प्रेमदेवतेचे नाव गुंफले गेले. ग्रीकांची ॲफ्रोडाइटी तीच रोमनांची व्हीनस. हेसिअड या ग्रीक कवीने तिला समुद्राच्या फेसातून जन्माला घातले. आपली लक्ष्मीही समुद्रमंथनातूनच वर आली. व्हीनसचा मुलगा क्युपिड धनुष्य घेऊन फिरतो, तर आपल्या मदनाच्या हाती उसाचे धनुष्य आणि फुलांचे पाच बाण. इतक्या दूरच्या दोन समाजांना प्रेमासाठी एकसारखीच हत्यारे सुचावीत, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

पॉम्पेईच्या मूर्तीला सुरुवातीला ‘लक्ष्मी’ म्हटले गेले आणि ते नाव चिकटले. पण तिच्याजवळ ना कमळ, ना अभिषेक करणारे हत्ती. शेजारच्या दोन सेविकांमुळे काही अभ्यासकांना व्हीनस आणि तिच्या भोवतीचे छोटे क्युपिड आठवतात. माझ्या मते तिला यक्षी म्हणणेच रास्त. सांचीच्या तोरणांवरच्या यक्षींशी तिचे नाते उघड दिसते. तिच्या डोक्यातून खाली एक भोक पाडलेले आहे. म्हणजे ती बहुधा पूजेची मूर्ती नव्हतीच. आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या नाजूक मेजाचा पाय. त्या घरातल्या कोणी तिला आपली व्हीनस मानले असेल का? तसे असेल तर मला नवल वाटणार नाही.

तिचे माहेर कुठले, यावर वाद आहे. तळाशी कोरलेले खरोष्ठी अक्षर वायव्येकडे बोट दाखवते. पण जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, म्हणजे प्राचीन भोगवर्धनला, 1970च्या दशकातल्या उत्खननात हस्तिदंती मूर्तीचा जो खालचा भाग मिळाला, तो पॉम्पेईच्या मूर्तीशी विलक्षण जुळतो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही त्याच घडणीची एक हस्तिदंती सुंदरी मिळाली. पेरिप्लसमध्ये भडोचहून पैठण वीस दिवसांच्या आणि तिथून तेर दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. माल गाड्यांवरून, वाट धड नसलेल्या मुलखातून येई. भोकरदनहून निघालेल्या मालालाही खानदेश आणि तापीचे खोरे ओलांडूनच भडोच गाठावे लागले असणार. याच खोऱ्यात, तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशाला, 1954-55 च्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आली आहे. हा मुलूख आडबाजूचा नव्हता.

पॉम्पेईची मूर्ती आज नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात, शृंगारिक वस्तूंच्या ‘गुप्त कक्षात’ आहे. नेपल्सला जाणे प्रत्येकाला जमणार नाही. पण तिची बहीण तेरच्या लामतुरे संग्रहालयाच्या ठेव्यात आहे. त्या बाजूला गेलात, तर तिला भेटल्याशिवाय परत येऊ नका.