जनरेटर सुरू होतो, पण लोड पेलतो का? पोल्ट्री शेडवरील जनरेटरची देखभाल आणि चाचणी

बंदिस्त, वातानुकूलित पोल्ट्री शेडमध्ये वीज म्हणजे पक्ष्यांचा श्वास असतो. पंखे थांबले, की पक्ष्यांच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता आणि ओलावा शेडमध्येच साठतो. बॅच विक्रीच्या वजनाला आलेली असेल आणि बाहेर एप्रिल-मेचे ऊन असेल, तर १५ ते २० मिनिटांतही मर सुरू होऊ शकते. म्हणून अशा प्रत्येक शेडवर जनरेटर असतो. मात्र वीज गेल्यावर तो भार घेईल, याची खात्री किती जणांना असते?

बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा बटण दाबले जाते, इंजिनचा आवाज आला की पाच मिनिटांत ते बंद केले जाते. यातून इंजिन सुरू होते एवढेच कळते. ते पंखे चालवू शकते का, आपोआप सुरू होते का, तासभर तापमान टिकवते का, हे कळत नाही. उलट, डिझेल इंजिन वारंवार भाराविना चालवल्याने ते पुरेसे तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही आणि काळा, तेलकट थर सायलेन्सर व इंजेक्टरवर साचतो. म्हणजे अशी चाचणी इंजिनलाच अपाय करते.

आधी हिशेब: तुमचा भार किती?

जनरेटरवर लिहिलेले केव्हीए आणि प्रत्यक्ष मिळणारे किलोवॅट यांत फरक असतो. केव्हीएला ०.८ ने गुणले, की किलोवॅट मिळतात. म्हणजे १५ केव्हीएचा जनरेटर सुमारे १२ किलोवॅट भार घेतो. १ एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट, पण मोटर विजेतून याहून थोडे जास्त ओढते.

उदाहरणादाखल, शेडमध्ये दीड एचपीचे ६ पंखे, कूलिंग पॅडचा १ एचपीचा पंप आणि १ किलोवॅटचे दिवे आहेत असे धरू. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास एक पंखा सुमारे १.४ किलोवॅट घेतो. सहा पंख्यांचे ८.४, पंपाचे ०.९ आणि दिव्यांचा १ असे एकूण सुमारे १०.३ किलोवॅट होतात. १५ केव्हीएचा जनरेटर हा भार पेलतो, पण मोकळी जागा फारशी उरत नाही. याच शेडवर पुढच्या वर्षी आणखी दोन पंखे बसवले, तर जनरेटर कमी पडेल. पंखे वाढवताना हा हिशेब पुन्हा करावा.

दुसरी बाब सुरुवातीच्या करंटची. थेट सुरू होणारी मोटर पहिल्या काही क्षणांत नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. सहाही पंखे एकाच वेळी सुरू झाले, तर व्होल्टेज कोसळते, कॉन्टॅक्टर सुटतात किंवा इंजिन बंद पडते. म्हणून पंखे एकामागोमाग एक, साधारण १० सेकंदांच्या अंतराने सुरू होतील असे टायमर पॅनेलमध्ये लावून घ्यावेत.

खरी चाचणी कशी करावी?

महिन्यातून किमान एकदा जनरेटर त्याच्या क्षमतेच्या ३० टक्के किंवा अधिक भारावर ३० मिनिटे चालवावा. १५ केव्हीएसाठी ३० टक्के म्हणजे ३.६ किलोवॅट, म्हणजेच वरच्या उदाहरणातील तीन पंखे. पिल्ले लहान असताना तीन मोठे पंखे चालवू नयेत. त्या काळात पाण्याचा ३ एचपीचा पंप आणि दिवे यांचा भार द्यावा. दोन बॅचच्या मधल्या रिकाम्या काळात मात्र पूर्ण भारावर एक ते दोन तासांची चाचणी घ्यावी. चूक उघड होण्यासाठी याहून सोयीची वेळ नसते.

चाचणीचा क्रम असा ठेवावा:

१. सुरू करण्यापूर्वी इंजिन थंड असताना ऑइल, कूलंट, डिझेल आणि पंख्याचा पट्टा पाहावा.

२. बटणाने सुरू करू नये. पॅनेल 'ऑटो'वर ठेवून विजेचा मुख्य स्विच बंद करावा. वीज गेल्यापासून पंखा फिरेपर्यंत किती सेकंद लागले ते मोजावे.

३. भाराविना फ्रिक्वेन्सी साधारण ५१ ते ५२ हर्ट्झ आणि भार आल्यावर ५० च्या जवळ असावी. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्टच्या आसपास, फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० ते २४० व्होल्ट मिळायला हवेत. फ्रिक्वेन्सी पडली, की पंख्याचे फेरे आणि हवा दोन्ही कमी होतात. पंखे फिरताना दिसतात, पण शेड तापत राहते.

४. पंख्यांची दिशा पाहावी. केबलचे काम झाल्यावर फेजचा क्रम बदलला, तर थ्री-फेज पंखे उलटे फिरतात. महावितरणच्या विजेवर आणि जनरेटरवर, दोन्हींवर दिशा एकच आहे का ते तपासावे.

५. धुराकडे लक्ष द्यावे. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर इंजिन तापल्यावर जातो. तो टिकून राहिला तर डिझेलमध्ये पाणी किंवा इंजेक्टरचा दोष असू शकतो. काळा धूर म्हणजे जास्त भार किंवा तुंबलेला एअर फिल्टर. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे.

६. वीज परत सुरू केल्यावर भार आपोआप लाइनवर जातो का, ते पाहावे. बंद करण्यापूर्वी इंजिन तीन ते पाच मिनिटे भाराविना चालू द्यावे.

७. ग्रामीण भागात अनेकदा वीज पूर्ण जात नाही, एक फेज जातो. दोनच फेजवर मोटर जळते आणि पॅनेलला मात्र वीज आहे असे वाटू शकते. इलेक्ट्रिशियनकडून एक फेज काढून पॅनेल जनरेटर सुरू करते का, याची चाचणी वर्षातून एकदा करून घ्यावी.

बॅटरी: सर्वांत आधी दगा देणारा भाग

ऐनवेळी जनरेटर सुरू न होण्याचे नेहमीचे कारण इंजिन नसते, तर बॅटरी असते. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी, चार्जर काढून काही तास ठेवल्यावर, १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.४ च्या खाली गेल्यास चार्जिंग करावे. स्टार्टर फिरत असताना मल्टिमीटर लावून पाहावा. व्होल्टेज ९.५ च्या खाली जात असेल, तर बॅटरी कमकुवत आहे किंवा जोड सैल आहे.

पोल्ट्रीच्या हवेत लिटरची धूळ आणि अमोनिया असतो. त्यामुळे टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड लवकर चढते. ती कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी, टर्मिनल कोरडे करून घट्ट आवळावे आणि वर पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, बोअरचे पाणी चालत नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे जवळ विडी-काडी नको. शेडवर एक जाड जंपर केबल ठेवावी. जनरेटर १२ व्होल्टचा असेल, तर अडचणीत ट्रॅक्टरची बॅटरी लावून तो सुरू करता येतो.

डिझेल, ऑइल आणि हवा

अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली, की आतल्या हवेतील बाष्पाचे पाणी होते. ते तळाशी बसते, गंज आणि बुरशीसारखा गाळ तयार होतो आणि फिल्टर तुंबतो. त्यामुळे टाकी शक्यतो भरलेली ठेवावी. महिन्यातून एकदा फिल्टरच्या तळाचा ड्रेन खोलून पाणी काढावे. साठवलेले डिझेल सहा महिन्यांत वापरून नवे भरावे. जुने आधी वापरावे.

ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलण्याचे तास यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असतात. तेवढे तास भरले नाहीत, तरी वर्षातून एकदा ऑइल बदलावे. एअर फिल्टरचे मात्र तास पाहू नयेत, धूळ पाहावी. पोल्ट्रीजवळ तो लवकर भरतो. रेडिएटरच्या जाळीत पिसे आणि भुसा अडकतो. तो इंजिन थंड असताना आतून बाहेर हवा मारून काढावा. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. पावसाळ्यापूर्वी उंदरांनी वायर कुरतडल्या आहेत का आणि कॅनोपीत घरटी झाली आहेत का, ते पाहावे.

जिवाशी खेळ नको

- जनरेटर आणि लाइन यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच किंवा ऑटोमॅटिक पॅनेल हवेच. थेट बोर्डात वायर घालून वीज दिली, तर ती उलट दिशेने ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते आणि तिथे ११ हजार व्होल्टपर्यंत वाढते. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा त्यात मृत्यू होऊ शकतो.

- जनरेटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग आणि न्यूट्रलला वेगळे अर्थिंग द्यावे. मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कमकुवत होते. म्हणून त्याचे मोजमाप मे महिन्यात करून घ्यावे.

- धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. जनरेटर बंद खोलीत, घराच्या पडवीत किंवा खिडकीजवळ चालवू नये. शेडमध्ये पंखे हवा कूलिंग पॅडमधून आत ओढतात. सायलेन्सरचे तोंड पॅडच्या बाजूला असेल, तर धूर थेट पक्ष्यांपर्यंत जातो.

- चालू किंवा गरम इंजिनमध्ये डिझेल, पेट्रोल भरू नये.

घरचा छोटा जनरेटर, इन्व्हर्टर आणि सोलर

पेट्रोलवरील छोट्या जनरेटरमध्ये पेट्रोल साठवून ठेवू नये. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा शोषते. महिनाभर वापर नसेल, तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावे. घरचा इन्व्हर्टर दिवे-पंख्यांसाठी असतो, त्यावर पाण्याची मोटर चालवू नये. छतावरील ग्रीडला जोडलेला साधा सोलर संच वीज गेल्यावर सुरक्षेसाठी स्वतःहून बंद होतो. त्यामुळे तो बॅकअप धरू नये आणि योग्य कंट्रोलरशिवाय जनरेटरसोबत जोडू नये.

वीज दिवसेंदिवस नसेल तर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा कोकणातील अनेक गावांत वीज परत यायला काही आठवडे लागले. अशा वेळी प्रश्न डिझेलचा असतो. १५ केव्हीएचा जनरेटर पाऊण भारावर तासाला साधारण ३ लिटर डिझेल घेतो. १२ तासांना ३६ लिटर झाले. पूर्ण भाराच्या चाचणीत तुमच्या यंत्राचा खप मोजून ठेवा, म्हणजे टाकी किती तास पुरेल ते नेमके सांगता येईल. सलग चालवताना रोज थांबवून ऑइल तपासावे, पण त्या वेळी पक्ष्यांसाठी थंड वेळ, म्हणजे पहाट, निवडावी.

आणि जनरेटर सुरूच झाला नाही तर? उत्तर आधी ठरलेले असावे. पडदे खाली सोडा, दारे उघडा, खाद्य उचला, पाणी चालू ठेवा, पक्ष्यांना हळूच हलवत राहा. शेडमधील तापमानाचा अलार्म वेगळ्या बॅटरीवर असावा आणि तो रात्री झोपलेल्या माणसाला ऐकू यावा. मेकॅनिकचा आणि भाड्याने जनरेटर देणाऱ्याचा फोन नंबर पॅनेलच्या दारावर ठळक लिहून ठेवा.

नोंदवही

पॅनेलजवळ एक साधी वही टांगा. तारीख, तासमीटरचा आकडा, सुरू व्हायला लागलेले सेकंद, व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, बॅटरीचे व्होल्टेज, घातलेले डिझेल आणि दिसलेला दोष एवढे रकाने पुरेत. गेल्या महिन्यात ८ सेकंदांत सुरू होणारे इंजिन या महिन्यात १५ सेकंद घेत असेल, तर बिघाड होण्याआधीच तो वहीत दिसतो. विस्तार कार्यकर्त्यांनी शेडला भेट देताना लसीकरणाच्या नोंदीबरोबर ही वहीही पाहावी आणि शक्य असेल तर समोर एकदा मुख्य स्विच बंद करायला सांगावा.