हानलेतली मुंबईची दुर्बीण

माहीमच्या रेतीबंदरावरून रात्री वर पाहिले, तर सी लिंकच्या आणि शहराच्या दिव्यांपुढे मोजकेच तारे टिकलेले दिसतात. पावसाळ्यात तेही नाहीत. तरीही अचानक भडकणाऱ्या ताऱ्यांवर नजर ठेवणारी देशातली एक मोलाची दुर्बीण मुंबईशी बांधलेली आहे. पवईची आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी ती मिळून उभारली, लडाखमधल्या हानले इथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर. तिचे नाव ‘ग्रोथ-इंडिया’.

आरसा जेमतेम ७० सेंटिमीटरचा. हानलेलाच दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण असताना ही धाकटी कशाला? कारण मोठ्या दुर्बिणीवरचा वेळ कित्येक महिने आधीच वाटून दिलेला असतो आणि ताऱ्याचा स्फोट कुणाच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही. जून २०१८ मध्ये पहिला प्रकाश टिपणारी ग्रोथ-इंडिया ही संशोधनासाठीची देशातली पहिली पूर्ण स्वयंचलित दुर्बीण. निशाण्यावर वळण्यापासून छायाचित्र घेण्यापर्यंत सगळे संगणक पाहतो.

तिचे दुसरे बळ म्हणजे तिची जागा. कॅलिफोर्नियात हिवाळ्यातल्या सकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. तिथल्या पालोमार वेधशाळेतून आकाशाचे ‘झ्विकी’ सर्वेक्षण चालते; ते उभे करण्यात कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी अग्रभागी होते. तिकडे पहाटे काही सापडले आणि उजाडले, की पहारा इकडे येतो. पहिल्या काही तासांतली चमक हातची गेली तर ती पुन्हा मिळत नाही.

नवा ठिपका ओळखायचा कसा? आकाशाच्या त्याच तुकड्याचे जुने छायाचित्र नव्या छायाचित्रातून वजा करतात. रोजचे तारे आणि दीर्घिका पुसल्या जातात, नवे तेवढे उरते. पण उरलेला प्रत्येक ठिपका स्फोट नसतो. कधी तो वाटेत आलेला लघुग्रह असतो, कधी कॅमेऱ्यावर आदळलेला वैश्विक किरण. खरे काम सुरू होते ते या निवडीपासून.

ग्रोथ-इंडियाचे पहिले वैज्ञानिक निरीक्षण होते एका नवताऱ्याचे. श्वेत बटू तारा जोडीदाराकडून हायड्रोजन ओढत राहतो. थर पुरेसा दाबला गेला आणि तापला की त्यात अणुस्फोट होतो. तारा मात्र शाबूत राहतो आणि पुन्हा साठवू लागतो. देवयानी दीर्घिकेत असा एक तारा साधारण दरवर्षी भडकतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘झ्विकी’ला दिसलेली चमक वेगळीच निघाली: सुमारे साडेआठ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या कृष्णविवराने एक तारा फाडला होता. त्या शोधात ग्रोथ-इंडिया होती आणि नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण जीएमआरटीही.

माहीमकरांना गच्चीवरून साध्या डोळ्यांनी पाहता येईल असाही नवताऱ्याचा एक उमेदवार आहे, उत्तर मुकुटातला ‘टी’ तारा. एरवी तो दुर्बिणीशिवाय दिसत नाही. १८६६ आणि १९४६ मध्ये मात्र तो ध्रुवताऱ्याच्या तोडीने उजळला आणि काही दिवसांतच पुन्हा दिसेनासा झाला. हे अंतर ८० वर्षांचे, म्हणून जगभरचे निरीक्षक त्याच्यावर टपून आहेत. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास पूर्वेला उंचावर, स्वाती आणि अभिजित यांच्या दरम्यान, स्वातीच्या बाजूला, ताऱ्यांची छोटी कमान शोधा. तिचे नेहमीचे रूप आधी डोळ्यांत बसवून घ्या. तरच तिथे आलेला नवा तारा ओळखू येईल.