घ्यावा की थांबावं : अरेंजर कीबोर्डच्या पंचवीस वर्षांचा मागोवा

यामाहाचा पीएसआर-एसएक्स ९२० २०२४ मध्ये बाजारात आला आणि आम्हा वादकांच्या बोलण्यात दुसरा विषय उरला नाही. एसएक्स ९०० येऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. ज्याच्याकडे तो होता त्याला आपलं वाद्य एकाएकी जुनं वाटायला लागलं, आणि ज्याच्याकडे त्याच्याही आधीचा एस ९७० होता तो ‘आपण दोन पिढ्या मागे पडलो’ म्हणून हळहळू लागला. कार्यक्रमाला जाताना गाडीत, साऊंडवाला तारा जोडत असताना, जेवणाच्या पंगतीत, जिथे तिथे एकच प्रश्न : ‘दादा, तुम्ही काढताय का जुना?’

उत्तर द्यायचं तर आधीच्या बदलांचा हिशेब मांडायला हवा. कधी बदलला हे सगळ्यांना आठवतं, खरोखर कशामुळे बदलला हे मात्र कुणी सहसा सांगत नाही. विचारलं की जो तो म्हणतो, ‘टोन काय आहेत नव्यात!’ माझ्या पाहण्यात मात्र टोनसाठी अरेंजर बदललेले वादक फार थोडे आहेत. बदल घडले ते दुसऱ्याच, जरा रुक्ष कारणांनी.

मुंबईच्या स्टुडिओंत सिंथेसायझर सत्तरच्या दशकातच पोचला होता. केर्सी लॉर्ड यांनी तो हिंदी चित्रपटसंगीतात आणला, चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडची यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची एक अख्खी तबकडी काढली. पण ते स्टुडिओचं जग. तालुक्याच्या गावी गणपतीत ऑर्केस्ट्रा करणाऱ्यांना हवं होतं ते वेगळंच : एका माणसाच्या दोन हातांत बेस, गिटार, स्ट्रिंग्ज आणि ठेका. अरेंजरने तेच दिलं. डाव्या हाताने कॉर्ड धरायची, उजव्याने चाल वाजवायची, मागे सगळा ताफा यंत्र उभा करतं. त्या सोयीमुळे कितीतरी बेस गिटारवाल्यांची सुपारी गेली. नव्या मॉडेलचं कौतुक करताना हे विसरलं जातं, पण मागोवा घ्यायचा तर तेही लिहायला हवं.

आमच्या भागात जी पहिली पिढी मोठ्या संख्येने दिसली ती फ्लॉपीची. २००१ च्या सुमाराचा पीएसआर-२०००, आणि त्याच्या आधीचे त्याच घराण्यातले. स्टाइल, गाण्यांची सेटिंग, सगळं साडेतीन इंची चकतीवर, जिची क्षमता दीड एमबीसुद्धा नाही. वादकाच्या बॅगेत पाकिटापेक्षा फ्लॉपीचा डबा जपून ठेवलेला असे. पावसाळ्यातल्या दमट हवेत त्यांना बुरशी धरायची आणि ऐन कार्यक्रमात यंत्र डिस्क वाचायला नकार द्यायचं. पुढे पीएसआर-३००० आला त्यात फ्लॉपी गेली आणि स्मार्टमीडिया नावाचं पातळ कार्ड आलं. हे कार्ड बाजारातून इतक्या लवकर नाहीसं झालं की वाद्य धडधाकट आणि कार्ड मिळेना, अशी अवस्था झाली. २००७ च्या एस ९०० मध्ये कार्ड गेलं, सगळं यूएसबीवर आलं आणि हा प्रश्न कायमचा मिटला. फ्लॉपीवाल्या जुन्या कीबोर्डांत ड्राइव्ह काढून यूएसबीचा एम्युलेटर बसवून देणारे कारागीरही तयार झाले. त्यांनी कित्येकांचे पैसे वाचवले.

तर पहिला बदल हा साठवणुकीचा. एस ९०० घेताना त्याच्या सॅक्सोफोनची तारीफ आम्ही सगळ्यांनीच केली, पण खिशात हात गेला तो पेन ड्राइव्हसाठी.

दुसरं कारण ढोलकी. हे जरा सविस्तर सांगतो, कारण आजचा निर्णयही इथेच अडतो. अरेंजरची स्टाइल साधारणपणे एकाच कॉर्डवर, सी मेजर सेव्हन्थवर, ध्वनिमुद्रित केलेली असते. तुम्ही डाव्या हाताने जी कॉर्ड धराल तिच्यानुसार यंत्र त्या ओळी हलवतं, तिसरा स्वर कोमल करतं, बेसला नवा षड्ज देतं. पाश्चात्त्य गाण्याला हे चपखल बसतं. आपल्या भावगीतात कॉर्ड मोजक्या, कधी दोनच, आणि सगळा जीव ठेक्यात. केहरवा चार-चारमध्ये बसवता येतो, दादरा सहामध्ये. रूपक कारखान्यातून तयार येईल याची आशा कुणी धरत नाही. पण खरी अडचण मात्रांची नाही, बोलांची आहे. यंत्रातला ड्रम म्हणजे एक फटका, एक आवाज. तबल्याच्या डग्ग्यावर मनगट सरकवून जो घुमारा निघतो, ढोलकीच्या धुमेवर बोट घासून जी गुंगुं निघते, ती अशा सुट्या फटक्यांतून उभी राहत नाही. लावणीच्या ठेक्यात ते लगेच उघडं पडतं. श्रोत्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण शिट्टी येत नाही.

उपाय एकच : खऱ्या ढोलकीवाल्याला बसवून लूप ध्वनिमुद्रित करायचे आणि ते यंत्रात भरायचे. त्यासाठी यंत्रात जागा हवी. सीडीच्या दर्जाच्या स्टीरिओ आवाजाचं एक मिनिट साधारण दहा एमबी खातं. २०१२ च्या एस ९५० मध्ये अशा बाहेरच्या आवाजांसाठी ६४ एमबी होते, म्हणजे कशीबशी सहा मिनिटं. त्यात ढोलकी, ढोलक, हलगी, संबळ, टाळ बसवायचे म्हणजे कात्री घेऊनच बसावं लागे. २०१५ च्या एस ९७० ने एकदम ५१२ एमबी दिले. त्यामागून आलेल्या एस ९७५ ने ७६८. २०१९ च्या एसएक्स ९०० ने १ जीबी. कंपनीच्या माहितीपत्रकात ही ओळ कुठेतरी तळाशी, बारीक अक्षरांत असायची. आम्ही मात्र पहिल्यांदा तीच शोधायचो. एस ९५० वरून एस ९७० वर जी उडी पडली तिला आमच्याकडे खरा अर्थ होता : लूप कापायचे थांबले, आणि मराठी कार्यक्रमाचा सगळा ठेका एका वाद्यात मावू लागला.

सगळेच या वाटेने गेले नाहीत. हळदीला वाजवणाऱ्या बेंजो पार्ट्या घ्या. रायगड-ठाण्याकडे ऑक्टोपॅड आणि खऱ्या ढोलांचा एवढा दणका असतो की अरेंजरच्या स्टाइलची गरजच पडत नाही. तिथे रोलंडचा एक्सपी ८० किंवा एक्सपी ६०, म्हणजे नव्वदच्या दशकातलं यंत्र, अजून मानाने वाजतं. नंतर एक्सपीएस ३० आला, हलका, भारतीय टोन असलेला, स्वतःचे सॅम्पल घेणारा, आणि पोरांनी तो उचलून धरला. ही अरेंजर नाहीत. पण रोलंडला धरून राहण्याचं या मंडळींचं कारण मला मनापासून पटतं : डाव्या बाजूची ती आडवी ढकलायची दांडी. अंगठ्याने जरा लोटली की स्वर वाकतो, सोडली की जागेवर. सनईची किंवा बासरीची मींड काढणाऱ्याला दुसरं काही नको असतं.

हाच मुद्दा यामाहावाल्यांनाही नडला. एस मालिकेत दोन चाकं होती, एक स्वर वाकवायचं आणि एक कंपनाचं. एसएक्स ९०० मध्ये चाकं गेली आणि जॉयस्टिक आली. चाकावर अंगठा ठेवून पाव स्वर, अर्धा स्वर मोजून वाकवायची सवय लागलेली, तीच मींड जॉयस्टिकवर घ्यायला गेलं की नेम चुकतो. वर ढकललं की कंपनही मिसळतं. पाश्चात्त्य वादकाला हा किरकोळ बदल असेल. नाट्यगीताच्या आधीचा आलाप बासरीच्या टोनवर वाजवणाऱ्याला हाताची सगळी शिकवण पुन्हा घ्यावी लागली. काहींनी रेंज दोन स्वरांवरून एकावर आणून वेळ निभावली, काहींनी चाकांसाठी एस ९७५ विकलाच नाही. एसएक्स ९०० मध्ये आफ्टरटच मिळाला, म्हणजे पट्टी दाबून धरली की कंपन येतं, हा त्याचा मोबदला म्हणायचा. तो मला पुरेसा वाटतो, सगळ्यांना वाटत नाही.

टचस्क्रीनबद्दल मी फार लिहिणार नाही. सात इंची, चांगली आहे. मंडपातल्या हॅलोजनखाली आणि घामाच्या बोटांनी बटणंच बरी, हे माझं मत आहे आणि ते म्हातारपणाचं लक्षण आहे असं घरात मानतात.

वाद्य बदलण्याचा खर्च दुकानातल्या बिलावर संपत नाही, ही गोष्ट नव्या मुलांना सांगावी लागते. रजिस्ट्रेशन म्हणजे गाण्यागणिक साठवलेली मांडणी : कोणती स्टाइल, कोणता टोन, कोणता टेम्पो, गायकाची पट्टी काळी चार की पांढरी पाच. वर्षानुवर्षं साठलेल्या या फाइली नवं यंत्र वाचतं, असं कंपनी म्हणते आणि ते खरंही आहे. पण वाचणं वेगळं आणि वाजणं वेगळं. जुन्या स्टाइल नवीन यंत्रात उघडतात, नव्या धाटणीच्या स्टाइल जुन्यात उघडत नाहीत, इतकं तर सगळ्यांना माहीत. त्याहून त्रासदायक म्हणजे बाहेरून भरलेले आवाज. त्यांचा पॅक संगणकावर बांधावा लागतो, आणि तो ज्या यंत्रासाठी बांधला त्याच यंत्रात बसतो. यंत्र बदललं की त्याची ओळख-फाइल काढून सगळं पुन्हा बांधायचं. शिवाय नवा पॅक बसवला की आधीचा सगळा पुसला जातो, म्हणून एकदाच, सगळं एकत्र. मूळ लूप ज्याने जपून ठेवलेले नसतात तो इथे अडकतो. एस मालिकेतलं म्युझिक फाइंडर जाऊन एसएक्समध्ये प्लेलिस्ट आलं, तेव्हाही अनेकांच्या याद्या नव्याने लावाव्या लागल्या. सून घरात रुळावी तसं हे, वर्षभर धीर धरायचा असतो, आणि तोवर कार्यक्रम थांबत नाहीत.

दरम्यान कंपन्यांनी भारताकडे पाहायला सुरुवात केली. कॅसिओने आयएन असं शेपूट लावून भारतीय ताल-टोनांचे कीबोर्ड काढले, यामाहाने पीएसआर-आय मालिका आणली, आय ५०० मध्ये रियाझासाठी तबला-तानपुऱ्याची सोय दिली, २०१९ पासून चेन्नईजवळ कारखानाही सुरू केला. शिकणाऱ्यांसाठी ही वाद्यं उत्तम. कार्यक्रम करणाऱ्याला मात्र वरच्याच श्रेणीकडे जावं लागतं, आणि तिथे भारतीय ठेका अजून आपला आपण भरायचा असतो. सगळ्यात वरचा जेनोस, २०१७ चा आणि मग २०२३ चा जेनोस २, त्याच्याबद्दल आदर आहे. एका नाईटच्या मानधनाशी त्याची किंमत ताडून पाहिली की आदर तसाच ठेवून पुढे निघावं लागतं.

कारण उत्पन्नाची बाजूही पालटली आहे. मार्च २०२० मध्ये कार्यक्रम बंद पडले आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा अर्ध्या जागा कॅरिओकेने घेतल्या होत्या. तो आधीपासून येतच होता. पुण्या-मुंबईत हौशी गायकांचे क्लब भराभर निघाले होते. ट्रॅकला मानधन लागत नाही, जेवण लागत नाही, पट्टी बदलायला कुरकुर नाही. जिथे जिवंत वादक अजून बोलावतात तिथे कारण एकच असतं : गायक अंतरा विसरला, प्रेक्षकांनी वन्समोअर मागितला, लावणीवाली ठरल्यापेक्षा दोन आवर्तनं जास्त नाचली, तर यंत्रामागचा माणूस सांभाळून घेतो. या कामाला एसएक्स ९०० आणि ९२० यांत काडीचा फरक नाही. मेन ए वरून बी वर, फिल मारून पुन्हा ए वर, हे २००१ च्या पीएसआर-२००० वरही जमत होतं.

एसएक्स ९२० मी वाजवून पाहिला आहे. ड्रम जास्त मोकळे लागतात, स्ट्रिंग्ज गोड आहेत. ज्याच्याकडे अजून एस ९५० किंवा त्याआधीचं काही आहे आणि ज्याचे कार्यक्रम महिन्याला चार-पाच तरी होतात, त्याने बिनदिक्कत बदलावा. त्याला सगळ्या बाजूंनी फायदा आहे, लूपला जागा हा सगळ्यात मोठा. ज्याच्या जुन्या यंत्राच्या पट्ट्या एकसारख्या लागेनाशा झाल्यात, रबर कॉन्टॅक्ट बदलूनही पुन्हा तेच होतंय, त्यानेही. मॉडेल बंद पडून जितकी वर्षं जातात तितका सुट्या भागांसाठी शोध वाढतो, आणि डिस्प्लेची पट्टी ऐन नवरात्रात गेली की कुठलंच वाद्य स्वस्त राहत नाही.

एसएक्स ९०० वाल्याला मात्र मी थांब म्हणतो. आजवरच्या प्रत्येक बदलामागे काहीतरी अडलं होतं : डिस्क, कार्ड, जागा. माझ्याकडेही ९००च आहे, आणि या खेपेला माझं काही अडलेलं नाही. माझा एक जुना सोबती म्हणतो की गिऱ्हाईक नवं मॉडेल बघून भाव देतं. त्याच्याकडे कॉर्पोरेट कार्यक्रम जास्त, तिथे खरंही असेल, त्याने परवाच बुकिंग केलं. त्याचा ९०० मात्र मी मागून ठेवलाय. नवरात्र उरकलं की जुनी वाद्यं विक्रीला निघतात, भाव उतरतो, तेव्हा व्यवहार करू असं ठरलंय. दुसरं वाद्य हाताशी असलं की एक बिघडल्यावर कार्यक्रम रद्द करावा लागत नाही, आणि मॉडेल एकच असल्यामुळे सगळ्या फाइली जशाच्या तशा चालतात. पॅक तेवढा त्याच्या ओळख-फाइलवर पुन्हा बांधावा लागेल. तोवर संबळाचे लूप नीट करून ठेवायचे आहेत, टेम्पो वाढवला की ते अजून सुटतात.