विजेची स्कूटर जोतिबा चढते तेव्हा

कोल्हापूरजवळचा जोतिबाचा डोंगर पायथ्यापासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. दोघांना घेऊन विजेची स्कूटर तो चढते, तेव्हा तिला किती ऊर्जा लागत असेल? एकूण वस्तुमान २५० किलोग्रॅम धरा. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार येतो सुमारे ७ लाख ३५ हजार ज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे पाव युनिटही लागले नाही! घर्षण, हवेचा विरोध वगैरेंसाठी दुप्पट धरा, तरी अर्ध्या युनिटात काम भागते.

मग अडचण कोठे आहे? वीज साठवण्यात. शिशाच्या बॅटरीत किलोग्रॅममागे जेमतेम ३५ वॉट-तास ऊर्जा मावते. तीन युनिटे हवी असतील, तर ८५ किलोग्रॅमचे ओझे! म्हणजे तिसरा माणूसच बसवला म्हणा, आणि तोही तालमीतला. लिथियम-आयन बॅटरीत किलोग्रॅममागे सुमारे १५० वॉट-तास मावतात, म्हणून २० किलोग्रॅम पुरतात. मात्र ती महाग पडते, कारण तिचे घट आपण बव्हंशी आयात करतो.

उतरताना चाकेच मोटरला फिरवतात. तशी सोय असलेल्या गाडीत मोटर जनित्र बनते आणि थोडी वीज बॅटरीत परत येते. परंतु माथ्यावरच बॅटरी पूर्ण भरून निघालात, तर ही वीज ठेवायला जागाच नसते. सारा भार साध्या ब्रेकवर पडतो.